वाट नसलेला प्रवास



आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरांचे. ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर चालणाऱ्याला ते कापायला मुक्काम, विसावे आणि रिंगणे धरून अठरा-एकोणीस दिवस लागतात. विमान एकदा उंचीला लागले की तेवढेच अंतर वीसेक मिनिटांत मागे टाकते. खाली दिवेघाट आहे की नीरेचे पात्र, हे खिडकीशी बसलेल्यालाही कळत नाही.

या दोन्ही प्रवासांशी माझा संबंध आला. बावीस वर्षे मी दिंडीत पायी चाललो. मग दोन्ही गुडघे बदलावे लागले आणि डॉक्टरांनी घाट, चिखल आणि जमिनीवरची झोप या तिन्ही गोष्टी बंद केल्या. आता आषाढीला एसटीने वाखरीला जातो आणि पालखी येताना रस्त्याच्या कडेला उभा राहतो. हातातले टाळ मात्र सुटले नाहीत. आमच्या गावच्या कीर्तनकार महाराजांना बंगळूर, इंदूर, बडोदे, दिल्ली आणि अधूनमधून दुबई इथल्या मराठी मंडळींची निमंत्रणे येतात. त्यांच्यामागे टाळकरी म्हणून मीही जातो. तिकीट आणि हॉटेलची खोली ती मंडळीच काढून देतात. त्यामुळे उतारवयात वर्षातून पाच-सहा वेळा माझे विमानात बसणे होते.

पहिली काही वर्षे या प्रवासात मन रमले नाही. चालणे थांबले की माणसाचे वाटसरूपणही संपते का, हा प्रश्न मनात घर करून होता. ज्या प्रवासात वाटच नाही, तिथे वारीने शिकवलेले काय कामाला येणार? गेल्या सात-आठ वर्षांत विमानतळ, तिथले लाउंज आणि हॉटेलच्या खोल्या पाहता पाहता या प्रश्नाचे जे उत्तर हाती आले, ते आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेकांची मुले परगावी आणि परदेशी आहेत. आज ना उद्या आपल्यालाही या दारांतून जायचे आहे.

आधी वेळेचा हिशेब पाहू. पुण्याहून बंगळूरला जायचे तर विमान हवेत असते साधारण सव्वा ते दीड तास. पण सामान घेणारी खिडकी उड्डाणाच्या एक तास आधी बंद होते आणि विमानात शिरण्याचे दार वीस-पंचवीस मिनिटे आधी. म्हणून घर पहाटे पाचला सोडायचे. पलीकडे उतरल्यावर सामानाची वाट पाहायची. बंगळूरचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटर दूर, म्हणजे पुन्हा गाडीत तास-दीड तास. हॉटेलात पोहोचावे तर खोली दुपारी दोनला मिळणार. पहाटे पाच ते दुपारी दोन हे नऊ तास झाले. त्यांतला उडण्याचा वेळ वजा केला तर साडेसात तास उरतात. या साडेसात तासांतला बराचसा वेळ आपण कुठेही जात नसतो, फक्त थांबलेले असतो.

म्हणजे यंत्राने वाट काढून घेतली आणि थांबणे तेवढे आपल्या पदरात ठेवले. हे एकदा ध्यानात आले की विमानप्रवासातल्या बऱ्याच गमती उलगडतात. तिथे माणसे चिडतात, धावतात, रांगेत ढोसतात, ती बहुधा लांबच्या पल्ल्याने थकून नव्हे. थांबायचे कसे, हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते.

पहिले थांबणे वजनकाट्यापाशी. देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक विमानांत पोटातल्या सामानाला पंधरा किलो आणि हातातल्या सामानाला सात किलो इतकीच मुभा असते. काट्यावर आकडा अठरा दिसला की तिथल्या तिथे, फरशीवर, सगळ्यांदेखत बॅग उघडली जाते. मग साड्या, लाडवांचे डबे, औषधे, मुलाला आवडते म्हणून नेलेली शेंगदाण्याची चटणी इकडून तिकडे जाते. कुणी भर मे महिन्यात अंगावर दोन स्वेटर चढवते. पाहणाऱ्याला हसू येते, पण जरा थांबून पाहावे. त्या उघड्या बॅगेत त्या माणसाची सगळी माया पसरलेली असते. दिंडीच्या ट्रकमध्ये सामान टाकतानाही असेच होई. पहिल्या वर्षी मोठे वळकटे घेऊन आलेला माणूस तिसऱ्या वर्षी एका पिशवीवर येतो. कुणी त्याला उपदेश केलेला नसतो. रोज संध्याकाळी आपले ओझे आपणच शोधून उतरवायचे असते, एवढे पुरते.

नारळाचा प्रसाद घेऊन जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुक्या खोबऱ्यात तेल असते आणि ते पेट घेऊ शकते, म्हणून २०२२ सालापासून ते पोटातल्या सामानात चालत नाही. अख्खा नारळ हाती नेण्यासही एरवी मनाई असते. शबरीमलाच्या भाविकांची इरुमुडी नारळाशिवाय पुरी होत नाही, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने त्यांना २० जानेवारी २०२५ पर्यंत तपासणी करून नारळ हाती नेण्याची खास सवलत दिली होती. परदेशी जाताना हातातल्या सामानात पातळ पदार्थ सहसा १०० मिलीलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये पातळ स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून जगभर हा नियम आला. तूपही त्यातच मोडते. चंद्रभागेचे पाणी न्यायचे असेल तर ते पोटातल्या सामानात, नीट बंद करून.

पुढचे थांबणे सुरक्षा तपासणीचे. इथे घड्याळ, पट्टा, पाकीट, फोन आणि पुष्कळदा बूटही एका ट्रेमध्ये काढून ठेवायचे आणि मोकळ्या हातांनी चौकटीतून जायचे. मोठा अधिकारी असो की पहिल्यांदाच उडणारा मजूर, त्या अर्ध्या मिनिटात दोघेही सारखेच, सैल विजार हाताने सावरत उभे असतात. माझे दोन्ही गुडघे धातूचे असल्यामुळे चौकट माझ्यापाशी न चुकता ओरडते. मग जवान मला बाजूला घेतो, हातातले यंत्र फिरवतो आणि मी तेच उत्तर देतो.

एकदा त्यात टाळांची भर पडली. पडद्यावर दोन जाड, गोल, काळ्या चकत्या आणि शेजारी काळ्या पुडीची डबी दिसली. जवानाने पिशवी उघडायला लावली. डबीत बुक्का होता. त्याने तो बोटावर घेऊन वास घेतला आणि त्याचा चेहरा थोडा सैल झाला. टाळ हातात घेऊन म्हणाला, “ये बजाइए ज़रा.” मी एकदाच, हलका वाजवला. त्या गोंगाटात तो आवाज असा स्वच्छ निघाला की रांगेतली दहा-बारा माणसे फोनमधून मान वर काढून पाहू लागली. जवान म्हणाला, “हमारे यहाँ बिहार में इसको झाल बोलते हैं. पिताजी बजाते थे.” एवढे बोलून त्याने टाळ पुसले, दोरी नीट गुंडाळली आणि पिशवीत ठेवले. त्याला दिवसभरात हजारो पिशव्या पाहायच्या असतात. त्यांतल्या एकीत त्याला त्याचे वडील भेटले.

आता तर अनेक विमानतळांवर चेहरा हाच परवाना झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळूर आणि वाराणसी इथे ‘डिजियात्रा’ ही सोय सुरू झाली. आधी नोंदणी केली असेल तर यंत्रापुढे क्षणभर उभे राहायचे, यंत्र चेहरा ओळखते आणि दार उघडते. सोय चांगली आहे, रांग लवकर सरते. पण नावात यात्रा असलेल्या या व्यवस्थेपुढे उभे राहिले की मला दर वेळी एक विचार येतो. इथे चेहरा पाहण्याचे काम यंत्राकडे गेले. मग माणसांनी माणसांचे चेहरे पाहायचे कधी?

लाउंजमध्ये हा प्रश्न अधिकच टोचतो. लाउंज म्हणजे विमानतळावरची राखीव विसाव्याची जागा. न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर १९३९ साली अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या खास प्रवाशांसाठी असा कक्ष उघडला, तो या प्रकारातला पहिला मानला जातो. मोजक्या प्रतिष्ठितांना गर्दीपासून दूर निवांत बसता यावे, हा हेतू. आपल्याकडे ही सोय बँकांच्या कार्डांबरोबर आली. दोन रुपयांसाठी कार्ड यंत्रात घासायचे आणि आत हवे तेवढे खायचे. परिणाम असा झाला की शांततेच्या खोलीबाहेरच रांग लागू लागली. आत खुर्ची मिळेना. मग बँकांनी अटी घातल्या की तीन महिन्यांत अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश. आता माणसे लाउंजमध्ये फुकट इडली मिळावी म्हणून कार्डावर खर्च करतात.

मंडळाच्या कुणा सज्जनाच्या कृपेने मीही काही वेळा आत गेलो आहे. तिथे जे दिसते ते असे. इडली, पाव, उपमा, पास्ता आणि गुलाबजाम एकाच ताटलीत रचलेले. अर्धे खाऊन दुसरी ताटली. बाहेर विमानाची वेळ झाली म्हणून भरलेली ताटली तशीच टाकून माणूस पळतो. राखाडी गणवेशातली एक बाई मागून येते आणि ते सगळे एका काळ्या पिशवीत लोटते. खाणारा भुकेला होता असे नाही. दोन रुपये वसूल झाले पाहिजेत, ही धास्ती होती. जे फुकट मिळाले तेही कमी पडेल, असे भय मनात असले की पोट भरत नाही.

वारीच्या वाटेवरही अन्न फुकटच असते. गावोगावची माणसे रस्त्याला येऊन पिठले-भाकरी हातावर ठेवतात. पण तिथे देणारा समोर उभा असतो. भाकरीवर पिठले वाढणाऱ्या बाईचा चेहरा दिसत असताना ती भाकरी टाकून देता येत नाही. लाउंजमध्ये देणारा दिसत नाही, म्हणून टाकून देणे सोपे होते. माणसाची वृत्ती तीच असते. समोर चेहरा आहे की नाही, एवढ्यावर ती पालटते.

बाहेरच्या लोकांसाठी मात्र विमानतळावरचा साधा चहाही आवाक्याबाहेर जाऊ लागला होता. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ उघडला आणि तिथे चहा दहा रुपयांना ठेवला. वृत्तपत्रात ती बातमी वाचून मला बरे वाटले. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आजीने दर विचारून खाली मान घालू नये, एवढे तरी तिथे घडेल.

लाउंजबाहेर आणखी एक नवल आहे. मुंबई, दिल्ली आणि बंगळूरच्या विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. शांतता राहावी म्हणून सगळे फलकावर लिहून येते. त्यामुळे ज्याला तो फलक वाचता येत नाही, तो दर दहा मिनिटांनी शेजाऱ्याला विचारत राहतो. शेजाऱ्याच्या कानात बोंडे असतात. मला अशा वेळी पालखीची समाजआरती आठवते. दिवसाची चाल संपून तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदारांनी दंड उंचावताच तो एका क्षणात थांबतो. त्या शांततेत काय सांगितले जाते? आज कुणाचे काय हरवले आणि कुणाला काय सापडले. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाची किल्ली. एवढा मोठा समुदाय एका म्हातारीच्या चष्म्यासाठी गप्प राहतो. शांतता दोन्हीकडे आहे. एक कुणाचा त्रास नको म्हणून असते, दुसरी कुणाचे तरी ऐकू यावे म्हणून.

विमानाच्या आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणाऱ्याला काही गोष्टी चमत्कारिक वाटतात. खिडकीच्या काचेला खालच्या बाजूला टाचणीएवढे छिद्र दिसते आणि जीव दचकतो. खिडकी थरांची असते. ते छिद्र मधल्या थराला असते आणि दाब समतोल ठेवायला व काचेवर धुके धरू न द्यायला मुद्दाम ठेवलेले असते. रात्री उतरताना दिवे मंद करतात, ते झोपेसाठी नव्हे. काही विपरीत घडून बाहेर पडायची वेळ आली तर डोळे अंधाराला आधीच सरावलेले असावेत, म्हणून. जेवण बेचव का लागते, याचेही कारण आहे. आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांचे, म्हणजे विमानात बसलेले सगळे जण राज्यातल्या सर्वांत उंच शिखराहूनही उंच जागी जेवत असतात. त्यात हवा अतिशय कोरडी. जिभेला मीठ आणि गोड कमी लागते. तेव्हा स्वयंपाक्याला नावे ठेवू नयेत, पाणी मात्र पीत राहावे.

माळकऱ्यांसाठी एक सूचना फार महत्त्वाची. परदेशी विमानांत जेवण आधी नोंदवावे लागते आणि त्याला इंग्रजी अक्षरांच्या खुणा असतात. ‘हिंदू मील’ म्हणजे एचएनएमएल असे वाचून पुष्कळ जण ते मागवतात. ते शाकाहारी असेलच असे नाही. त्यात गोमांस नसते, पण कोंबडी किंवा मासळी असू शकते. शाकाहारासाठी एव्हीएमएल ही खूण आहे, आणि कांदा-लसूण नको असेल तर जैन भोजनाची व्हीजेएमएल. एकादशीची अशी खूण कुठल्याही यादीत मी पाहिलेली नाही. तेव्हा केळी आणि शेंगदाण्याचा लाडू बरोबर असावा.

चाके जमिनीला लागली की सगळे विमान एकदम उभे राहते. दार उघडायला अजून दहा मिनिटे असतात, पुढच्यांनी सरकल्याशिवाय मागच्याला सरकता येत नाही, आणि ज्या पट्ट्यावर सामान यायचे तो अजून हललेलाही नसतो. तरी माणसे वाकड्या मानेने, डोक्यावरच्या कप्प्याखाली कुबड काढून उभी राहतात. वारीत प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. कोणती दिंडी रथापुढे, कोणती रथामागे, हे ठरलेले असते, म्हणून लाखोंच्या गर्दीत कुणाला पुढे घुसावेसे वाटत नाही. आपली जागा ठाऊक असणे ही थोर विश्रांती आहे. विमानातही प्रत्येकाला जागा नेमून दिलेली असते, चिठ्ठीवर आकडा असतो, पण त्या आकड्यावर आपला विश्वास बसत नाही.

आता हॉटेल. तिथल्या खोलीची पहिली गंमत म्हणजे दार उघडणारे कार्ड भिंतीतल्या खाचेत ठेवल्याशिवाय दिवा लागत नाही. आपण बाहेर पडलो की खोली आपोआप अंधारते. चादर गादीखाली इतकी घट्ट खोचलेली असते की आत शिरायला दोन हात लागतात. काही हॉटेलांत बाराव्या मजल्यानंतर एकदम चौदावा येतो, कारण तेराचा आकडा कुणाला नको असतो. मोजून पाहिले तर चौदाव्यावरचा पाहुणा तेराव्यावरच झोपलेला असतो. पलंगाशेजारच्या कप्प्यात कधी बायबल मिळते. गिडियन मंडळींनी १९०८ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका लहानशा हॉटेलात ती ठेवायला सुरुवात केली आणि ती प्रथा जगभर गेली. दुबईच्या खोलीत छतावर एक बाण दिसतो, तो मक्केची दिशा दाखवतो. परक्या खोलीत परक्या माणसाला आपला देव कुठल्या बाजूला आहे हे कळावे, अशी काळजी कुणीतरी घेतली, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

एवढे सगळे असूनही हॉटेलात कुणी भेटत नाही. आपण बाहेर जातो, परत येतो तर खोली पुन्हा जशीच्या तशी. ओला टॉवेल नाहीसा झालेला, उशा उभ्या केलेल्या, चपलासुद्धा जोडीने लावलेल्या. हे कुणी केले ते दिसत नाही. दिसू नये, अशीच ती व्यवस्था असते.

बंगळूरच्या एका मुक्कामात मी दुपारी खोलीतच होतो. महाराज मंडळाच्या कार्यकर्त्यांबरोबर गेले होते आणि माझे गुडघे दुखत होते. दारावर टकटक झाली. विशी-बाविशीचा एक मुलगा हातात चादरी घेऊन उभा होता. इंग्रजीत म्हणाला, नंतर येतो. मी आत ये म्हटले. त्याचे लक्ष माझ्या गळ्यातल्या माळेकडे गेले, मग खुर्चीवरच्या टाळांकडे, आणि तो एकदम मराठीत बोलला, “माउली, कुठली दिंडी?”

मुलगा पंढरपूरचा निघाला. घर प्रदक्षिणा मार्गाच्या आतल्या बोळात. चादर घालता घालता बोलत होता. “आषाढीला आमच्या घरात साठ-सत्तर माणूस उतरायचं. आई चुलीपुरता कोपरा ठेवायची, बाकी सगळं घर वारकऱ्यांचं. मी पाणी भरायचो. जाताना म्हातारी म्हातारी माणसं माझ्या पाया पडायची. मी सात वर्षांचा होतो, मला लाज वाटायची.” मग उशीला अभ्रा घालताना म्हणाला, “इथं तीन वर्षं झाली. आषाढीला सुट्टी नाही मिळाली. इथं बी मी माणसंच उतरवून घेतो म्हणा, पण मला माणूस दिसत नाही. मी येतो तवा खोली मोकळी असती. गादी बघून वळखायचं, रात्री कुणाला झोप लागली नाही ते.”

त्याला हे दुःख म्हणून सांगायचे नव्हते. कामाची रीत सांगावी तसे सांगत होता. रोज चौदा खोल्या, एकेका खोलीला अर्धा तास. काम संपल्यावर त्याने चादरीवरून शेवटचा हात फिरवला आणि माझ्या पाया पडला. आपली रीत आपल्याला ठाऊक आहे, माउली. वारकरी पाया पडला की त्याच्याही पाया पडायचे. हे नवे गुडघे वाकत नाहीत. पलंगाची कड धरून मी कसाबसा खाली गेलो आणि त्याच्या पायांना हात लावला. तो चटकन मागे सरला, मग थांबला आणि उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, “घरी गेल्यागत झालं.”

संध्याकाळच्या कीर्तनाला त्याला बोलावले, पण पाळी रात्री उशिरा सुटणार होती. पहाटे निघताना मी चादर घडी करून ठेवली, ओला टॉवेल एका जागी ठेवला आणि उशीवर बुक्क्याची पुडी व चार बत्तासे ठेवले. गादी बघून माणूस ओळखतो म्हणाला होता.

त्या दिवसापासून माझा जुना प्रश्न सुटला. वारीत आपण अडीचशे किलोमीटर चालतो, पण चालणे हे साधन आहे. त्या चालण्याने शेजारचा माणूस दिसू लागतो. अनोळखी माणसाला माउली म्हणून हाक मारण्याची जिभेला सवय होते. ही सवय पायांत नसते, म्हणून पाय थकले तरी ती जात नाही. विमानतळाने वाट काढून घेतली असेल, पण माणसे कुठे काढून घेतली? उलट इतकी थांबलेली, कंटाळलेली, एकटी माणसे एका छपराखाली दुसरीकडे क्वचितच सापडतील. चाकांची खुर्ची ढकलणारा पोरगा, प्रसाधनगृहातल्या फरशीवर दिवसभर फडके फिरवणारी बाई, रात्रपाळीत पिशव्या पाहणारा जवान, विमानात सगळे उतरल्यावर खुर्च्यांच्या खाचांतला कचरा वेचणारे हात. आपल्या प्रवासातली वाट यांच्यामधूनच गेलेली आहे.

तेव्हा वाचक माउली, पुढच्या वेळी विमानाने जाल तेव्हा फार काही करू नका. ताटलीत संपेल तेवढेच घ्या. उचलून नेणाऱ्या बाईकडे पाहून बोला. जेवणाची खूण आधी तपासा. चाके टेकल्यावर दहा मिनिटे बसून राहा; तेवढ्यात मनातल्या मनात हरिपाठाचे दोन-चार अभंग सहज होतात. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला फलक वाचून दाखवा. खोली सोडताना मागे वळून एकदा पाहा की आपल्यामागून येणाऱ्या माणसाला ही गादी आपल्याविषयी काय सांगेल.

आणि जमले तर त्याची वाट पाहून, दार उघडून, त्याला त्याचे गाव विचारा. रामकृष्णहरी.